कुंकवाखालचा डाग

१

जगात काहीही आपोआप नाहीसे होत नाही, ते कुणीतरी नेलेले असते. हे सत्य मोरोपंत सावदेकरांना रेल्वेच्या क्लेम खात्यात सापडले आणि पेन्शनीत निघेपर्यंत त्यांनी ते सोडले नाही. तुपाचा डबा अर्धा उतरला की त्यांना लगेच तूप नेणारा माणूस दिसू लागे. एकदा धामणगाव स्टेशनावर असाच एक डबा त्यांनी उलटा करून पाहिला, तर बुडाला भोक. पण तोवर पार्सल क्लार्कची बदली होऊन गेली होती. शिवाय भोकसुद्धा कुणीतरी पाडलेलेच असणार, या विचाराने मोरोपंतांना त्या दिवशी शांत झोप लागली.

अशा माणसाला १९६६ सालच्या चैत्रात त्यांच्या धाकट्या बहिणीने, विमलताईंनी, अकोल्याहून तातडीने अमरावतीला बोलावून घेतले. पोलिसांना बोलावण्यासारखी गोष्ट नव्हती. डॉक्टरला बोलावण्यासारखी तर मुळीच नव्हती, कारण डॉक्टर आला की गल्लीला कळते.

विमलताई म्हणजे बापूसाहेब घुईखेडकर वकिलांच्या पत्नी. त्यांनी भावाला पाणीसुद्धा न विचारता मधल्या खोलीत नेले, दाराला आतून कडी घातली आणि मुलीला पुढे केले.

"शैला, मामाला कपाळ दाखव."

"मामा, आधी चहा तरी घ्या," शैला म्हणाली. "आईला वाटतंय, तुम्ही नुसतं बघितलंत की डाग घाबरून गुन्हा कबूल करेल."

विमलताईंनी ओल्या फडक्याने तिचे कुंकू पुसले. खाली एक पांढुरका गोल होता, कुंकवापेक्षा थोडा मोठा. तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती आणि तिच्यात तांबड्या, केसासारख्या बारीक रेघा दिसत होत्या.

मोरोपंतांनी चष्मा वर केला, खाली केला. खोलीत एकच शब्द होता आणि तो कुणी उच्चारत नव्हते. कोड. शैलाचे लग्न वैशाखात होते, स्थळ अकोल्याचे होते आणि ते मोरोपंतांनीच आणले होते.

"खाजतं?"

"नाही."

"दुखतं?"

"आरशात बघितलं की दुखतं."

"सिंधू, आता तू ये," विमलताई म्हणाल्या.

सिंधू ही घरातली सून. तिचा नवरा बंडू धामणगावला बँकेत होता आणि महिन्याकाठी एकदा घरी येई. लग्नात तिचे कुंकू चवलीएवढे होते, हे मोरोपंतांना चांगले आठवत होते. शिवरात्रीला ते पावलीएवढे होते. आज अधेलीएवढे होते. नवरा परगावी गेला की कुंकू वाढते की काय, असा एक सिद्धांत त्यांच्या मनात तयार होऊ लागला. पण सिंधूने कुंकू पुसले आणि तो सिद्धांत तिथेच मेला. खाली तसाच डाग होता.

मग विमलताईंनी स्वतःचे कपाळ पुसले.

तिसरा.

"घरात बायका चार," त्या फडके पिळत म्हणाल्या. "तीन कपाळांना डाग. चौथं कपाळ लख्ख."

"चौथं कुणाचं?"

"वन्संचं. त्यांना ट्रंक भरायला सांगितलीय. रविवारी अंजनगावच्या मोटारीत बसवून देते. दादा, तू फक्त त्यांनी काय केलं तेवढं शोधून काढ. म्हणजे यांना सांगायला बरं."

शुक्रवारची सकाळ होती. मोरोपंतांना माल नेणारा माणूस दिसू लागला.

२

लीलाबाई बापूसाहेबांच्या थोरल्या बहीण. विधवा झाल्यावर दोन वर्षे अंजनगाव सुर्जीला दिराकडे काढली, मग भावाने आपल्या घरी आणले. तेव्हापासून स्वयंपाक, देव, लोणची आणि घरातली सगळी दुखणी त्यांच्याकडे होती. स्वयंपाकघरात पाटावर परात घेऊन त्या शेवया वळत होत्या. शेवया शैलाच्या लग्नाच्या होत्या.

"या मोरोपंत. चौकशी का?"

"छे, सहज आलो."

"सहज आलेला पुरुष स्वयंपाकघरात मांडी घालून बसत नाही. विचारा."

"अंजनगावला जायचं म्हणे?"

"म्हणे कशाला? ट्रंक भरून झाली." त्यांनी शेवयांवरची नजर काढली नाही. "दिरांच्या घरी सरकीच्या कोठीला लागून खोली आहे. दोन वर्षं राहिले तिथं. कुणी नावानं हाक मारली नाही. अहो नाही, अगं नाही. ताट सरकवल्याचा आवाज झाला की समजायचं, आपल्याला वाढलंय."

वांग्याचा भाव सांगावा तसे त्यांनी हे सांगितले. मोरोपंतांच्या अनुभवात अपराधी पार्सल क्लार्क हमखास रडत. ही बाई रडत नव्हती. म्हणजे हिच्यावर लक्ष अधिकच ठेवायला हवे होते.

"घरातल्या कुंकवाला हात कुणाकुणाचा लागतो?"

"देवाच्या कोयरीला माझा. बायकांच्या आरशापुढं मी जात नाही. कशाला जाऊ? पुडी एकच आहे. बहिरमच्या जत्रेतून वहिनींनीच आणलीय, अगदी झगझगीत लाल. देवांनाही तेच कुंकू आहे. अन्नपूर्णेला डाग पडलाय का, तेवढं बघून घ्या."

हा टोमणा होता. मोरोपंतांना ती सूचना वाटली. त्यांनी हातपाय धुतले, देवघरात गेले आणि धोतराच्या सोग्याने अन्नपूर्णेचे कपाळ काळजीपूर्वक पुसले. पितळ चकचकीत निघाले. देवी निर्दोष सुटली.

समाधानाने परत येताना त्यांना माजघराच्या कोपऱ्यात लीलाबाई दिसल्या. शेवया सोडून त्या ट्रंकेवर वाकल्या होत्या आणि कसलेतरी गाठोडे लुगड्यांखाली दडपत होत्या. पावलांची चाहूल लागताच त्यांनी झाकण पाडले आणि खिट्टी लावली.

"काय आहे ते?"

"माझं आहे," लीलाबाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

३

मागच्या अंगणात मोलकरीण मैनाबाई भांडी घासत होती. राखेने भरलेला हात दूर धरून ती मनगटाने कपाळ घाशी, मग एक भांडे, मग पुन्हा कपाळ. मोरोपंत ओट्यावर टेकले.

"मैनाबाई, कपाळाले काय झालं वं?"

"खाजते जी, दुसरं काय. बाईनं बहिरमच्या जत्रेतून कुकू आनलं. अर्धी पुडी मले देली. तवापासून खाजून राह्यलं. पाहा ना, कसं लाल लाल झालं."

"मग लावता काहून?"

"आता घ्या! कुकू लावाचं सोडू का मी? मालक जिता हाये माहा. पेते, पडते, पन जिता हाये."

"पांढरा डागबिग?"

"डाग नाई बाप्पा. खाज हाये निरी. खोबरेल तेलाचं बोट घेतो, त्याच्यावर कुकू ठोकतो, अन् दिवसभर खाजवत बसतो."

"घरातल्या बायांले नाही का खाजत?"

मैनाबाई हसली. "सुरवातीले तं लय खाजवे जी. सिंधूबाई पोया लाटता लाटता कपाय घासे. शैलाबाई पुस्तकानं खाजवे. मंग एक दिवस सगळ्याइचं एकदम बंद झालं. मी म्हटलं, मोठ्या लोकाइची खाज बी शिकलेली दिसते, सांगतलं का जाते."

मोरोपंत बराच वेळ ओट्यावरच बसून राहिले. कुंकू एका पुडीतले. मैनाबाईला खाज आहे, डाग नाही. घरातल्या तिघींना डाग आहे, खाज नाही. मालगाडीच्या एकाच वाघिणीतली दोन पोती, एक बडनेऱ्याला भिजलेले उतरले आणि दुसरे अकोल्याला जळलेले. असे झाले तर पोत्यांवर संशय घेऊन उपयोग नसतो. मधल्या वाटेत काहीतरी घडलेले असते.

म्हणजे कुंकवाने फक्त खाज आणली होती. ती खाज नंतर कुणीतरी काढून नेली, आणि नेताना तिच्याबरोबर कातडीचा रंगही नेला. खाज नेणारा चोर मोरोपंतांच्या आयुष्यात प्रथमच येत होता.

इतक्यात बाहेरच्या खोलीतून बापूसाहेबांची आरोळी आली.

"चोर! या घरात चोर आहे!"

४

बापूसाहेब आरामखुर्चीत होते. धोतर गुडघ्याच्या वर, एक पाय स्टुलावर, आणि हातात मलमाची चपटी झालेली ट्यूब. समोर पक्षकार असता तरी त्यांनी हीच बैठक ठेवली असती.

"मोरोपंत, बघा! परवा आणलेली ट्यूब. आज हिच्यात हवासुद्धा नाही."

"हे कशाचं?"

"नडगीवरच्या इसबाचं. गेल्या वर्षी डॉक्टर खोब्रागड्यांनी दिलं. पातळ थर, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस, आणि मग येऊन दाखवा म्हणाले. जादू हो! पहिल्या रात्रीच खाज बंद."

"मग दाखवलंत?"

"बरं झालेलं काय दाखवायचं?"

"बरं झालं, तर आज हे काय लावताय?"

"ते परत आलं ना! लावलं की जातं, सोडलं की येतं. म्हणून सोडत नाही." बापूसाहेबांच्या दृष्टीने युक्तिवाद इथे संपला होता. "जुन्या चिठ्ठीवर दुकानदार देतो नवी ट्यूब. चिठ्ठी जुनी झाली म्हणून रद्द होते असं कुठल्या कलमात आहे?"

"तुम्ही भरपूर लावत असाल."

"मी? पातळ म्हणजे पातळ. डॉक्टरनं सांगितलेल्या शब्दाबाहेर मी गेलो नाही. पंधरा दिवसांचं सोडा, ते फक्त मुदतीचं कलम."

"संशय कुणावर?"

"कारखान्यावर. अर्धी हवा भरतात लेकाचे. विमललाही सांगितलं, आणताना दाबून बघत जा."

मोरोपंतांना मात्र कारखान्यात रस नव्हता. माल पूर्ण निघाला होता आणि वाटेत कमी झाला होता. घरात एक ट्रंक होती, तिच्यात लपवलेले गाठोडे होते, आणि ज्या बाईच्या कपाळाला काही झाले नव्हते तिचीच ती ट्रंक होती. बाईमाणसाची ट्रंक एकट्याने उघडणे बरे दिसणार नाही म्हणून त्यांनी शैलाला बरोबर घेतले. लीलाबाई अंबादेवीच्या दर्शनाला गेल्या होत्या.

"मामा, मला हे पटत नाही," शैला म्हणाली. "आत्या येऊ दे. तिच्यासमोर उघडा."

"तिच्यासमोर काय सापडणार?"

त्यांनी खिट्टी काढली. दोन पांढरी लुगडी, एक धाबळी, यजमानांचा काचेच्या चौकटीतला फोटो, लोणच्याची बरणी. सगळे त्यांनी खाटेवर काढून ठेवले. तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात ते गाठोडे होते. मोरोपंतांनी गाठ सोडली.

मलमाच्या ट्यूबा. पसाभर. सगळ्या रिकाम्या आणि सगळ्या उभ्या कापलेल्या.

शैलाने त्यातली एक उचलून उलटीसुलटी केली. "आत्या?" ती म्हणाली. "आत्यानं?"

दारात प्रसादाचा द्रोण घेऊन लीलाबाई उभ्या होत्या.

५

लीलाबाईंनी आधी द्रोण खाली ठेवला. मग यजमानांचा फोटो खाटेवरून उचलला, पदराने पुसला आणि उशीजवळ उभा केला. मग बसल्या.

"विचारा."

"या ट्यूबा कशाला?"

"पत्रा मऊ असतो. कातरीनं कापते आणि समईत वात अडकवायला घोड्या करते. देवघरात पाच आहेत. देवीचं कपाळ पुसलंत तेव्हा समोरच होत्या."

मोरोपंतांना समया आठवल्या. घोड्या आठवेनात.

"भरलेल्या घेतल्यात?"

"रिकाम्या."

"कुठून? कचऱ्यातून?"

"नाही."

"बापूसाहेबांच्या फडताळातून?"

"नाही."

लीलाबाईंनी दाराकडे पाहिले. विमलताई आणि सिंधू आवाज ऐकून येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आरशामागून," त्या म्हणाल्या. "बायकांच्या आरशामागच्या कोनाड्यातून. तिथं टाकलेल्या असतात. पहाटे अंगण झाडायच्या आधी उचलते."

"अहो, मग हे सकाळीच का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगू? पहाटेच्या अंधारात मी आरशापाशी काय करत होते, हे पहिलं विचारलं असतं सगळ्यांनी. पत्रा गोळा करत होते म्हटल्यावर कोण ऐकणार होतं?"

नोकरीभर मोरोपंत माल कुठे गेला हे विचारत आले होते, रिकामे डबे कुठे पडलेत हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. नडगीचे औषध आरशासमोर बसून कोण पिळते? नडगी बघायला आरसा लागत नाही.

त्यांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावले आणि शैलाला आरशाची पेटी आणायला सांगितले. फणी, आरसा, कुंकवाचा करंडा, मेणाची चांदीची डबी, सगळे वकिलांच्या टेबलावर ओळीने मांडले गेले. बापूसाहेबांनी सवयीने चष्मा लावला.

"हे घे कुंकू," विमलताईंनी करंडा पुढे सरकवला.

"कुंकू सुटलं. कुंकवाच्या आधी काय लावता?"

"मेण. कुंकू चिकटावं म्हणून सगळं जग लावतं."

"मैनाबाई नाही लावत. ती तेलाचं बोट लावते. देवीलाही मेण नाही, देवी ओलसर असते. लीलाबाई काहीच लावत नाहीत." बोलता बोलता मोरोपंतांना स्वतःलाच सगळे ऐकू येऊ लागले. "म्हणजे या घरात मेण लावणाऱ्या बायका तीनच."

त्यांनी डबीचे झाकण काढले. चैत्रातल्या दुपारी वऱ्हाडात घरोघरचे पिवळे मेण पातळ होऊन डबीत डुचमळत असते. या डबीतले मेण पांढरेशुभ्र होते आणि बोटाचा ठसा धरून तसेच बसले होते.

"बापूसाहेब, जरा वास घ्या."

बापूसाहेबांनी वास घेतला. पुन्हा घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर जन्माची ओळख पटल्याचे भाव आले.

"हा," ते म्हणाले, "माझा पाय आहे."

शैलाला हसू फुटले आणि तिने ते तसेच दाबले, कारण तिची आई हसत नव्हती. सिंधू सासूकडे पाहत होती, आणि सासू भिंतीकडे.

"कुणी भरलं हे?" मोरोपंतांनी विचारले. उत्तर त्यांना ठाऊक झाले होते. घरातली औषधे कोण आणते हे बापूसाहेबांनी त्यांना न विचारताच सांगितले होते.

"मी," विमलताई म्हणाल्या. "लपवायचं काय त्यात? पोरीचं कपाळ खाजून खाजून लाल झालेलं. लग्न तोंडावर. यांच्या नडगीची खाज एका रात्रीत जाते, तर माझ्या पोरीच्या कपाळाची का जाऊ नये? डबीतलं मेण काढलं आणि हे भरलं. दुसऱ्या दिवशी तिघींची खाज बंद. औषध घातलंय दादा मी, विष नाही घातलं!"

"आणि पांढरं पडायला लागल्यावर?"

"मग जास्त भरलं. लवकर बरं व्हावं म्हणून."

"मग डाग दिसू नये म्हणून आम्ही कुंकू मोठं केलं," सिंधू हळूच म्हणाली. "आणि कुंकू मोठं केलं की खाली मेणही जास्त लागतं, मामा."

चवली, पावली, अधेली. मोरोपंतांनी सुनेच्या कपाळाकडे पाहिले आणि तिच्या नवऱ्याविषयी मनात आलेल्या सिद्धांताबद्दल तिची मनोमन क्षमा मागितली.

विमलताईंचा आवाज चढला. "मी तुला वन्संसाठी बोलावलं होतं दादा. माझ्याविरुद्ध नव्हतं बोलावलं."

"माल कुणी मागवला त्यावरून तपास बदलत नाही, विमल."

"पण मामा," शैला म्हणाली. आता तिला हसू येत नव्हते. "चोर सापडला हे ठीक. हे कोड असेल तर?"

६

शनिवारी संध्याकाळी डॉक्टर धर्मपाल खोब्रागडे पुढच्या दारातून, गल्लीच्या देखत आले. तरुण माणूस, नागपूरला शिकलेला, बोलणे कमी. त्यांनी खिडकीशी बसून तिन्ही कपाळे भिंगाखाली पाहिली, दाबून पाहिली, डबीतले मलम बोटावर घेतले.

"कोड नाही," ते म्हणाले.

विमलताईंनी देवघराकडे पाहून हात जोडले. डॉक्टर थांबले, हात सुटेपर्यंत.

"हे स्टिरॉइडचं मलम आहे. भडकलेल्या इसबाला फार चांगलं. म्हणूनच ते मी वकीलसाहेबांच्या पायाला दिलं होतं. त्यांच्या पायाला, तुमच्या कपाळाला नाही. नडगीची कातडी जाड, चेहऱ्याची पातळ. इतकं कडक मलम चेहऱ्याला देत नसतो आम्ही, आणि दिलंच तर थोडे दिवस, नजर ठेवून. तुम्ही ते महिनोन्महिने लावलं, वर कुंकवाचं झाकण घातलं. झाकलं की ते दुप्पट मुरतं. मग कातडी झिजते, रंग उडतो, आतल्या शिरा दिसायला लागतात."

"पण खाज तर गेली हो."

"खाज दबली. खाज आणणारं कुंकू तुम्ही रोज लावतच होतात."

"रंग येईल परत?"

"बहुतेक येईल. महिने लागतील. एखाददुसरी रेघ राहील."

"लग्नापर्यंत?"

"लग्नापर्यंत नाही."

"आजपासून ते मलम बंद!" बापूसाहेबांनी निकाल दिला.

"एकदम बंद नाही. इतके दिवस लावून एकदम सोडलं तर कपाळ पेटेल, आणि मग तुम्ही घाबरून पुन्हा डबी उघडाल. सौम्य मलम लिहून देतो. आधी रोज एकदा, मग दिवसाआड, मग बंद. जिथं आहे तिथंच, कातडीवर दिसेल न दिसेल इतकं. वर काही झाकायचं नाही. आणि दर आठवड्याला मला दाखवायचं. बरं वाटलं तरी." शेवटचे वाक्य त्यांनी बापूसाहेबांकडे पाहून म्हटले. "ते कुंकू मात्र आजच फेका. त्या मैनाबाईंनाही बोलवा, बघतो."

मैनाबाई आली. डॉक्टरांनी तिलाही सौम्य मलम थोड्याच दिवसांसाठी लिहून दिले आणि कुंकू बदला म्हणाले.

"बदलतो जी," मैनाबाई म्हणाली. "मालक मात्र हाच ठेवतो."

जाता जाता डॉक्टरांची नजर स्टुलावरच्या पायाकडे गेली. ते पुन्हा वाकले. नडगीवर एक मोठे वर्तुळ होते, मधे बरे झाल्यासारखे आणि कडेने तांबडे, खवल्यांचे.

"हे कधीपासून असं कडेकडेनं पसरतंय?"

"दिवाळीपासून असेल. पण खाज नाही, मलम लावतो ना!"

"हे इसब नाही. तुमचं इसब गेल्या वर्षीच बरं झालं. हे गजकर्ण आहे. याच्यावर ते मलम लावलं की खाज दबते आणि गजकर्ण आरामात वाढतं. दाखवायला आला असतात तर तेव्हाच सांगितलं असतं."

बापूसाहेबांनी पाय स्टुलावरून खाली घेतला.

"म्हणजे चोरीला गेलेला माल माझ्या उपयोगाचाच नव्हता?"

"जेवढा चोरीला गेला, तेवढा तुमचा फायदा झाला."

रविवार उजाडला. त्या घरात माफी मागण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे मोटारीची वेळ जवळ येत चालली तरी कुणी काही बोलेना. लीलाबाईंनी ट्रंक पुन्हा भरून दारापाशी आणून ठेवली होती आणि स्वतः तिच्यावर बसल्या होत्या. शेवटी विमलताई पदर खोचून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आल्या.

"वन्सं, रविवारी अंजनगावच्या मोटारीला फार गर्दी असते म्हणतात."

"असते."

"शेवयाही निम्म्याच झाल्यात."

"झाल्यात."

"मी वळल्या तर तुटतात."

लीलाबाईंनी थोडा वेळ जाऊ दिला. त्यांना तो जाऊ द्यायचा होता. मग त्या ट्रंकेवरून उठल्या.

"राहते," त्या म्हणाल्या. "पण ही ट्रंक ज्यांनी उपसली, त्यांनीच उघडून सगळं फडताळात लावून द्यावं. माझ्यासमोर."

क्लेम खात्याचे निवृत्त इन्स्पेक्टर मोरोपंत सावदेकर यांनी लुगडी, धाबळी, फोटो आणि लोणच्याची बरणी एकेक करून फडताळात लावली. लुगड्याची घडी चुकली तेव्हा ती मोडून त्यांना पुन्हा घालावी लागली.

सोमवारी अकोल्याला परतल्यावर त्यांनी नवऱ्या मुलाच्या घरी जाऊन खरे ते सगळे सांगितले. वाटेत बिघडलेला माल न सांगता पोचवणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. मुलाच्या आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मलमाने रंग उजळतो तो कसा, हे मात्र त्यांनी दोनदा विचारले आणि मलमाचे नाव कागदावर लिहून मागितले. मोरोपंतांनी ते दिले नाही.

वैशाखात लग्न झाले. दोन्हीकडच्या मंडळींचा एकत्र फोटो निघाला. शैलाच्या हट्टाने लीलाबाई त्यात आहेत. फोटो काळा-पांढरा आहे, त्यामुळे कुणाच्याच कपाळावरचे काही कळत नाही.